गाव रहिमतपूर, संघ चंदीगढ

"तुम्ही कुठले?" हा प्रश्न आपण मराठी माणसं लग्नाच्या पंगतीत विचारतो, दवाखान्याच्या बाकावर विचारतो, नवा शेजारी कुलूप उघडत असला तर त्याच्या हातातल्या पिशव्या खाली ठेवायच्या आत विचारतो. मी तो प्रश्न कामाचा भाग म्हणून विचारला, आणि त्यापायी लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. काही शिव्या पंजाबीत असल्यामुळे मला उशिरा कळल्या, एवढंच काय ते सुख.

मी मूळची मिरजेची. आमचे हे चंदीगढच्या एका वैद्यकीय संस्थेत लागले, म्हणून मी तिकडे गेले आणि सरकारी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. शाळा सांभाळून मी राज्य संघांच्या पात्रता समितीवर काम करायचे. 'पात्रता तपासणी' हा शब्द ऐकून माझ्या मिरजेच्या आत्यानं विचारलं होतं, "म्हणजे तू तिकडं स्थळं बघतेस होय गं?" तसं बघितलं तर आत्या फार चुकली नव्हती. पोरगं कुणाचं, राहतं कुठं, आधी कुठं जमलं होतं का, हेच मी बघायचे.

काम साधं होतं. दोन राज्यांचा सामना असला की मैदानात उतरणारा खेळाडू खरोखर त्या राज्याचा हवा. जिथं तो राहतो, शिकतो किंवा नोकरी करतो, ते त्याचं राज्य. आणि एकदा एका राज्याकडून उतरला की दुसऱ्याकडे सहज उडी मारता येत नाही. मध्ये काही काळ नुसतं बसून राहावं लागतं. हे एवढं नसेल तर पैसेवाला संघ देशभरातून पोरं गोळा करेल आणि गल्लीत घाम गाळणारी पोरं पाणी वाटत बसतील.

बाकीच्या राज्यांत हे काम म्हणजे शिक्का मारून चहा पिणं. चंदीगढात? कपाळ माझं! शहर एक, ते राजधानी दोन राज्यांची, आणि स्वतः मात्र एकाही राज्यात नाही. एका बाजूला चिकटून मोहाली, ती पंजाबात. दुसऱ्या बाजूला पंचकुला, ते हरियाणात. आणि सगळीकडे सेक्टर! चंदीगढचे सेक्टर संपले तरी आकडे मोजणाऱ्यानं दम घेतलाच नाही, तो तसाच मोहालीत शिरला. सेक्टर ६७ म्हणजे मोहाली, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पंचकुल्यानं तर पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्यामुळे सेक्टर सातमध्ये राहणारा माणूस चंदीगढचा का हरियाणाचा, हे विचारल्याशिवाय कळायचं नाही. आणि विचारलं की माणसाला राग यायचा.

एकदा एक कबड्डीपटू आला. उंचापुरा, मांडीवर थाप मारली तर खोलीतल्या काचा वाजाव्यात असा. त्याचं घर हद्दीवरच्या गावात होतं. घर पंजाबात आणि म्हशींचा गोठा रस्ता ओलांडून चंदीगढात. त्याचे वडील सरदारजी माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मैडम जी, मुंडा सारा दिन मज्झां कोल ही रहंदा ए." म्हणजे पोरगा दिवसभर म्हशींपाशीच असतो, मग तो चंदीगढचाच की! मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. पण नियम काय सांगतो? जिथं झोपतो तिथला. मी नाही म्हटलं. सरदारजी रागावले नाहीत, उलट जाताना म्हणाले, "कोई गल नहीं जी, लस्सी पी के जाओ कदी." तो पोरगा पंजाबकडून प्रयत्न करत राहिला, पण तिथं त्याच्यासारख्या पहाडांची रांगच होती. पुढं तो परदेशी गेला असं ऐकलं. मी नियमानं बरोबर वागले, आजही तसंच वागेन. पण त्याची आठवण आली की जिवाला लागतं, हेही खरंच आहे.

मग नव्वदीची वर्षं आली आणि सगळीकडे पैसा खुळखुळायला लागला. केबलवर खेळांच्या वाहिन्या आल्या, शीतपेयाच्या कंपन्या टोप्या वाटायला लागल्या. पूर्वी ज्या क्लबांना चुन्यानं मैदान आखायला माणूस मिळायचा नाही, ते आता रंगीत ट्रॅकसूट शिवून घेऊ लागले. यात वाईट काही नव्हतं, पोरांच्या पायांत बूट तरी आले. पण त्याबरोबर आयात सुरू झाली. एका क्लबचे प्रशिक्षक एकदा व्हॉलीबॉलची पोरं घेऊन आले. सगळी ताडमाड, सगळ्यांचा पत्ता सेक्टर २२, बस अड्ड्याजवळच्या त्या दाटीतली एकच भाड्याची खोली. कागद अगदी स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ.

कागदाशी भांडण्यात माझा वेळ मी कधी घालवला नाही. मी विचारलं, "बेटा, तुम्हारे यहाँ अपनी मंडी किस दिन लगती है?"

आता चंदीगढबाहेरच्यांना सांगते. 'अपनी मंडी' म्हणजे शेतकऱ्यांचा भाजीबाजार. तो आज या सेक्टरात तर उद्या त्या सेक्टरात भरतो. एकवेळ माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण आपल्या सेक्टरातल्या मंडीचा वार विसरणार नाही. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला रविवार, दुसरा म्हणाला रोज. तिसरा जरा हुशार होता, तो म्हणाला, "मैडम, हम सब्ज़ी नहीं खाते." मी त्याला म्हटलं, बाळा, तुझ्या हजरजबाबीपणाला माझ्याकडून पूर्ण गुण, पण संघात जागा नाही. प्रशिक्षक पाय आपटत गेले. पुढं माझा हा प्रश्न इतका फुटला की लोक वार पाठ करून यायला लागले. मग मी मंडी कुठल्या मैदानावर भरते ते विचारू लागले.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. ते प्रकरण खो-खोचं. त्यात माझं मन एकीकडे आणि काम दुसरीकडे ओढत होतं.

खो-खो हा आपला खेळ. चंदीगढात तो कुणाला येणार? आमच्या मुलींच्या संघाला प्रशिक्षक होत्या हरप्रीत मॅडम, माझ्याच शाळेत शिकवायच्या. बाई मूळच्या हॉकीच्या, पण खो-खोच्या प्रेमात पडलेल्या. 'सूर मार', 'हूल दे' हे त्या अस्सल मराठी शब्दांत ओरडायच्या, पुढची शिवी मात्र पंजाबीत. त्या वर्षी आंतरराज्य स्पर्धा चंदीगढात भरली. थंडीचे दिवस, मैदानावर सकाळी धुकं इतकं की समोरचा खांब दिसायचा नाही. आणि आमच्या संघाची दशा अशी की खेळण्याजोग्या मुली नेमक्या नऊ. एकीचा घोटा सुजलेला, एकीला तिच्या आजीनं लग्नाला नेलेलं. खो-खोत मधल्या पाटीवर आठ जणी बसतात आणि नववी पळते. त्यामुळे नऊ म्हणजे अगदी काठावर.

त्या नवांतली सगळ्यांत चपळ मुलगी म्हणजे अनुजा माने. वडील हवाई दलात सार्जंट. जन्म जोधपूरचा, बालवाडी बंगालात, शाळा कानपूर आणि मग चंदीगढ. घरी आई-वडील मराठी बोलायचे आणि ही हिंदीत उत्तरं द्यायची. माझ्याशी बोलताना दोन्ही एकत्र कालवायची. "काकू, आज मैंने मस्त हूल दिली ना, यार!" अशी तिची भाषा. काकूला यार म्हणणारी मुलगी मी तोवर बघितली नव्हती. तिचे कागद मी स्वतः तपासले होते. शाळा इथली, घर इथलं, इथं राहण्याची मुदत पुरी झालेली. शंकेला जागाच नव्हती.

महाराष्ट्राच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून जगदाळे सर आले होते. परळमध्ये वाढलेला भला माणूस, मोठ्या आवाजाचा. मी त्यांच्या संघाला घरी बोलावून पिठलं-भाकरी खाऊ घातली. ज्वारीचं पीठ मी मिरजेहून डब्यात भरून आणलेलं असे, ते त्या पोरींनी एका बैठकीत संपवलं. दुसऱ्या दिवशी सरावात अनुजा पडली, गुडघा सोलला आणि तोंडातून निघालं, "आई गं!" जगदाळे सरांचे कान टवकारले. ते लगबगीनं गेले, तिला उठवलं आणि पाठीवर हात ठेवून विचारलं, "मराठी का गं तू? गाव कुठलं तुझं?"

आणि अनुजानं, आपल्यापैकी कुणीही दिलं असतं तेच उत्तर दिलं. "रहिमतपूर."

"अरे वा! साताऱ्याची की गं तू! मग तिकडं खेळलीस का कधी?"

"हो ना, मे महिन्यात आजीकडे जाते तेव्हा. मागच्या साली जत्रेत सामने होते, तिथं खेळले."

संध्याकाळी जगदाळे सरांची हरकत दाखल झाली. ही मुलगी महाराष्ट्राची आहे, मूळ गाव स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, तिकडं खेळलीही आहे. आमचा पहिला सामना दुसऱ्या दिवशी, तोही महाराष्ट्राशीच. हरकत मान्य झाली तर अनुजा बाहेर, आणि उरल्या आठ. म्हणजे संघच बाद. हरप्रीत मॅडम माझ्या व्हरांड्यात येऊन खुर्चीत कोसळल्या. "तेरे पिंड वालों ने मार दिया हमें!" तुझ्या गाववाल्यांनी मारलं आम्हाला! मला इतका संताप आला होता, काय सांगू! माझी भाकरी खाऊन माझ्याच संघावर हरकत!

सकाळी सुनावणी. स्पर्धेतल्या हरकती ऐकणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते नायर साहेब, केरळचे, पांढऱ्या मिशांचे, शांत. त्यांच्यासमोर टेबलाच्या एका बाजूला जगदाळे सर, दुसऱ्या बाजूला मी आणि हरप्रीत. अनुजा भिंतीला टेकून उभी, गुडघ्याला पट्टी. बोलणं सगळं हिंदीत चाललं होतं. जगदाळे सरांनी मुद्दा मांडला, "साब, लडकीने खुद बोला, उसका गाव रहिमतपूर है. गाव माने नेटिव प्लेस. जिधर का आदमी, उधर का खिलाडी."

मी उठले. संताप गिळला आणि विचारलं, "जगदाळे सर, तुमचं गाव कुठलं?"

"मसूर!" छाती पुढं करून लगेच उत्तर आलं.

"मसूरला किती वर्षं राहिलात?"

"राहिलो असं नाही..." ते अडखळले. "पण यात्रेला जातो की दर साली. घर आहे, भाऊबंद आहेत."

"जन्म?"

"परळ."

"शाळा?"

"परळच."

मी नायर साहेबांकडे वळून हे सगळं हिंदीत सांगितलं आणि म्हटलं, "साहेब, आमच्यात हे असंच असतं. आम्हाला गाव विचारलं की आम्ही आजोबांचा पत्ता सांगतो. माणूस अमेरिकेत जन्मला तरी गाव म्हणून पाटण नाहीतर वाळवाच सांगेल. 'गाव कुठलं' म्हणजे 'तू कुठं राहतेस' असं होत नाही. त्याचा अर्थ 'तू कुणाची' असा असतो. आमच्या या शब्दावर या मुलीला बाहेर काढू नका."

नायर साहेब मिशीत हसले. "हमारे केरल में भी ऐसा ही है. मैं पैंतीस साल से दिल्ली में हूँ, फिर भी पालक्काड का." जगदाळे सरही हसले. माणूस मनानं मोठा, हरलो म्हणून चिडणारा नव्हता. पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. "साब, ठीक है. मगर एक बात मैं सच बोलता हूँ," आणि मग अनुजाकडे वळून ते चक्क मराठीत बोलले. "पोरी, तुला खेळताना बघितलं म्हणून मी हरकत घेतली. तू इथं वाया जाशील. कराडला मुलींचं वसतिगृह आहे, मैदान आहे, रोज सकाळ-संध्याकाळ शिकवणारे आहेत. यंदा उतरू नकोस. पुढच्या साली तुला आमच्याकडून खेळवतो. महाराष्ट्राकडून!"

मी त्याचं हिंदी करून नायर साहेबांना सांगितलं. खरं सांगते, सांगताना माझाच आवाज बदलला. कारण ते खरं होतं. महाराष्ट्राकडून खो-खो खेळायचं म्हणजे काय, हे मिरजेच्या मुलीला कुणी समजावून सांगायला नको. मी स्वतः त्या स्वप्नापायी गुडघे फोडून घेतले होते आणि निवडीच्या दारातून परत आले होते.

नायर साहेबांनी विचार केला आणि निकाल दिला. कागद चंदीगढच्या बाजूनं आहेत, जत्रेतला सामना हा सामना नव्हे, त्यामुळे हरकत फेटाळली. पण मुलीला पूर्ण कल्पना हवी. "बेटी, आज चंदीगढ से खेलोगी तो पक्का चंदीगढ की. फिर महाराष्ट्र जाना हो तो बीच में बैठना पड़ेगा, खेल बंद. सोच लो. बताओ, किस राज्य की हो?"

"चंदीगढ राज्य आहे कुठं?" जगदाळे सर पुटपुटले. कुणी हसलं नाही.

अनुजा माझ्याकडे बघत होती. "काकू, तुम्ही सांगा ना."

हरप्रीतनं माझा हात टेबलाखाली घट्ट धरला. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. पण पोरीशी खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "अनू, खेळ शिकायचा तर सर म्हणतात ते बरोबर आहे. इथं तुला त्यांच्यासारखं कुणी शिकवणार नाही. हरप्रीत मॅडमना राग येईल, पण मी तुझ्या जागी असते तर गेले असते." हरप्रीतनं हात सोडला. तिला मराठी येत नव्हती, तरी सगळं कळलं.

अनुजानं गुडघ्यावरची पट्टी जरा वर ओढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही. "काकू, पण मी गेले तर आठच राहतात. आठ बसल्या तर पळणार कोण?"

"त्याचा विचार तू नको करूस—"

"मीच करणार ना! बाबांची बदली झाली की प्रत्येक वेळी मीच निघून जाते. इथून तरी स्वतःहून नाही जाणार, यार." मग ती नायर साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "सर, मैं चंदीगढ की हूँ. आज खेलूँगी."

सामना आम्ही हरलो. हरणार होतोच, महाराष्ट्राच्या पोरी वाऱ्यासारख्या पळत होत्या. पण अनुजा संरक्षणाला उतरली आणि त्यांना सापडेना. एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे, बसलेल्यांमधून सुईदोऱ्यासारखी आतबाहेर. पट्टी सुटून लोंबत होती, तिला भान नव्हतं. जगदाळे सर आपल्या संघाच्या बाजूला उभे राहून आधी आपल्या पोरींवर ओरडत होते, मग ओरडायचे थांबले आणि टाळ्या वाजवायला लागले. शेवटी ती सूर मारणाऱ्या मुलीच्या हाताला सापडली, तेव्हा हरप्रीतनं मैदानात धावत जाऊन तिला उचलून घेतलं. मी रडले. उघड रडले, अध्यक्षांसमोर, पात्रता समितीचा बिल्ला लावून.

संध्याकाळी जगदाळे सर निरोपाला घरी आले. म्हणाले, "ताई, हरलो मी. पोर घालवली." मी चहा ठेवला. पिठलं-भाकरी मात्र केली नाही, एवढा राग माझा शिल्लक होता.

पुढच्याच उन्हाळ्यात माने साहेबांची बदली झाली, तीही आसामकडे. अनुजा निरोप घ्यायला आली तेव्हा मला फार वाईट वाटलं. 'मैं चंदीगढ की हूँ' हे शब्द तिच्या तोंडातून निघून वर्षही पुरतं झालं नव्हतं. आता तिथं तिला कुठलं मैदान, कुठला संघ? महाराष्ट्राचं दारही तिनं स्वतःच्या हातानं लोटलेलं. आमच्या ह्यांनी तिला खाऊला पैसे दिले. मी नुसतीच तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

मग पावसाळ्यात एकदा एसटीडीवरून फोन आला. मागं पावसाचा आवाज, आणि अनुजा ओरडून बोलत होती.

"काकू! इथं खो-खोचा संघच नाहीये!"

"अगं बाई! मग गं?"

"मग काय, मीच गोळा करतेय. शेजारची एक तेलुगू आहे, एक नागा आहे, ती तर माझ्यापेक्षा फास्ट आहे, पक्का! दूधवाल्याची मुलगी येते. खांब बाबांनी रोवून दिले. अजून दोघी कमी आहेत, पण मिळतील."

माझ्यातली तपासनीस काही जाईना. मी विचारलं, "अनू, पण त्या सगळ्या तिथल्याच आहेत ना? नाहीतर उद्या कुणीतरी हरकत घेईल."

पलीकडून ती खदखदून हसली. "घेऊ दे ना, काकू! हरकत घ्यायला आधी समोर दुसरा संघ तर हवा. तो पण मलाच बनवायचाय!"